खळं

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
पहिल्या मजल्यावर आमची लॅब.
खाली पावडर कोटिंगवाला. त्याची भट्टी पेटली
की आमची फरशी कोमट होते,
आणि इनक्युबेटर आपला सदतीसवर, निर्विकार.

जंतू कळव्याच्या वॉर्डातून आला.
नाव नाही, नुसता खाट क्रमांक.
सोबतच्या कागदावर औषधांची उभी यादी
आणि प्रत्येकापुढं एकच अक्षर : आर, आर, आर.
म्हणजे दाद देत नाही.
कोण झोपलंय त्या खाटेवर, कुठली जखम,
ते कळवत नाहीत. आम्ही विचारत नाही.

पाला आणते जिवली वरठा.
येऊरच्या उतारावरून पहाटे निघते,
उपवनपर्यंत चालत, पुढं दोन बस.
पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जुड्या.
टेबलावर ठेवते आणि म्हणते, "मोज."

आमच्या नियमात लिहिलंय :
पान स्वच्छ, अखंड, कीड नसलेलं.
जिवलीची पानं म्हणजे चाळण.
एकावर तर हिरवी अळी अजून जेवत होती.
मी जुडी परत केली. "किडकं नको, मावशी."
जून भेंडी निवडणाऱ्या पोरीकडं बघावं
तशी ती बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात घोडबंदरच्या नर्सरीतून
मीच ते झाड आणलं. कुंडीतलं, तकतकीत,
डाग शोधून सापडायचा नाही.
सावलीत वाळवलं, दळलं, अर्क काढला,
कागदाची टिकली भिजवून आगरवर ठेवली.
सकाळी
टिकलीला टेकून, टिकलीवर चढून
जंतू पसरलेले, दुधावर साय धरावी तसे.
शून्य मिलिमीटर.
ओझरकर मॅडम म्हणाल्या, "लिही. शून्यही लिहायचं असतं."

जिवलीला सांगितलं. ती हसली नाही.
"त्याला कोन चावलंय कधी?
लाडाचं झाड ते. कडू कशाला होईल?
आळी लागली का झाड शानं होतं.
म्हनून मी चावलेलीच खुडते."

मग तिची पानं.
तीच टिकली, तोच खाट क्रमांक.
शेजारी नुसत्या मेथेनॉलची एक, साक्षीला,
नाहीतर त्याचंच श्रेय आपण झाडाला द्यायचो.
सकाळी झाकण उचललं.
साक्षीदार सायीत बुडालेला,
आणि अर्काच्या टिकलीभोवती खळं.
चंद्राला पडतं ना, तसंच.
फक्त इथं चंद्र कागदाचा
आणि खळ्यात कुणीच नाही;
आरपार टेबलावरचा ओरखडा दिसत होता.
कॅलिपर लावला. चौदा.
पुन्हा लावला. तेरा.
तेरा लिहिलं.

तेरा म्हणजे औषध नव्हे, ठाऊक आहे मला.
ताटलीतून रक्तात जायची वाट लांब.
वाटेत उंदरांचे पिंजरे, यकृत, पैसा, वर्षं.
तोवर त्या खाटेवरची चादर
कितीदा बदलली जाईल.
आणि झाडानं हे आपल्यासाठी केलंच नव्हतं.
अळीच्या दातांकडं,
भोकातून शिरू बघणाऱ्या सडीकडं
पानानं आपला कडूपणा पाठवला होता, न ओरडता.
आपण मधेच हात घातला.

रजिस्टरात तो नमुना सत्तेचाळीस.
जिवलीच्या बोलीत त्याला नाव आहे,
त्यासाठी रकाना नाही.
पुरवठादाराच्या रकान्यात पूर्वी मी 'स्थानिक' लिहायची.
या वेळी लिहिलं : जिवली वरठा, येऊर.
नियमातलं 'अखंड' खोडून
वर पेन्सिलीनं 'चावलेलं चालेल'.
मॅडमनी पेननं 'चालेल' खोडलं, 'हवं' केलं.

संध्याकाळी ताटल्या ऑटोक्लेव्हमधे, खळ्यासकट.
शिट्टी झाली, वाफ सुटली, आगर वितळून एक झालं.
काचेवरच्या टेपवर
खाट क्रमांक तेवढा वाचता येत होता.